गोळी हलली तर मुलीची नोकरी जाईल?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पणजीत बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यानं तिला टेक ट्रान्सफर विभागात बोलावलंय. जर्मनीत बनणाऱ्या गोळ्या आता इथं बनणार आहेत, त्याचं काम. ते लिहितात, ‘‘2012 साली खाणी बंद पडल्या आणि मी घरी बसलो. जे काम तिकडून इकडे आलं, ते उद्या तिसरीकडे जाणारच. तिनं सरकारी नोकरीची वाट बघावी का?’’

नमस्कार.

तुमची भीती अनाठायी नाही. तुमच्याच भागात दारात उभे राहून गंजलेले ट्रक मी पाहिलेत. उत्पादन हलतं, हेही खरं. पण तुमच्या मुलीला जे काम मिळतंय, ते उत्पादन हलवण्याचंच आहे. ती गोळी उद्या तिसऱ्या देशात गेली, तरी ती तिथं नीट पोचवायला हीच माणसं लागतात.

या कामात असतं काय, ते सांगतो. तिकडून बॅच रेकॉर्ड येतं: कोणता घटक किती, मिक्सर किती मिनिटं. कागद अगदी बरोबर असतो, तरी इथली पहिली बॅच बिघडू शकते. मिक्सरचं भांडं वेगळ्या आकाराचं, गोळीत भर म्हणून घालतात ते लॅक्टोज दुसऱ्या पुरवठादाराचं, त्यात जुलैची आपली दमट हवा. तिकडचा जुना ऑपरेटर ओला लगदा मुठीत दाबून बघतो. गोळा धरला आणि बोटानं दाबल्यावर स्वच्छ मोडला, की मशीन थांबवतो. ही मूठ कागदावर नसते. ती त्याच्याकडून काढून घ्यायची आणि मिक्सरच्या मोटरवरच्या भारासारख्या मोजता येणाऱ्या आकड्यात बसवायची, हे खरं कसब. ते ज्याला आलं, त्याला एका कारखान्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

पुढे तपासणीची पद्धत दोन्ही प्रयोगशाळांत जुळवायची, साधारणपणे लागोपाठ तीन व्हॅलिडेशन बॅचेस, म्हणजे दर वेळी माल सारखाच निघतो हे सिद्ध करणाऱ्या बॅचेस काढायच्या, गोळ्या 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेत 6 महिने ठेवून टिकतात का पाहायचं, मग त्या त्या देशाच्या औषध नियंत्रकाची मान्यता. एकाच उत्पादनात वर्ष सहज जातं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, तिनं जावं. मात्र मुलाखतीत तिनं स्वतः विचारावं: नोकरी कायम की कंत्राटी? विभागाच्या हाती उत्पादनं किती? आणि शॉप फ्लोअरवर उभं राहायला मिळणार, की टेबलावर नुसते फॉर्म भरायचे? एकाच उत्पादनापुरतं कंत्राट आणि तेही टेबलावरचं असेल, तर नको म्हणावं. त्यापेक्षा क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग बरा. मशीनजवळ उभं न राहता दोन वर्षं गेली, तर हाती फारसं काही लागत नाही.

सरकारी परीक्षा तिनं नोकरी करता करताही द्यावी. औषध निरीक्षकाच्या पदाला तिची पदवी चालते, आणि कारखाना आतून पाहिलेला असणं तिथंही उपयोगी पडतं. घरी बसून वाट बघणं मात्र नको, ते तुम्ही सोसलंय.

मुलाखतीआधी तिला ग्रॅन्युलेशनची, म्हणजे पावडर भिजवून तिचे दाणे बनवण्याची, प्रॅक्टिकलची वही काढायला सांगा. कुठली बॅच बिघडली होती आणि का, एवढं तिला आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. तिथं हेच विचारण्याची शक्यता जास्त.