सीलबंद बॅटरीतील काचतंतूचा सेपरेटर: जाडी कोणत्या दाबाखाली मोजली, हे आधी विचारा

आपण विचारले आहे की सीलबंद लेड ॲसिड बॅटरीत प्लेटांच्या मध्ये असलेली काचतंतूंची पांढरी चटई कशी तयार होते, दोन पुरवठादारांच्या दरांत एवढा फरक का पडतो आणि हा सेपरेटर बनवण्याचा लहान उद्योग सुरू करता येईल का. दरातील फरकावरूनच माझा एकदा खरेदी विभागाशी दीर्घ वाद झाला होता आणि तो मला आजही महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रथम त्याविषयी लिहिते.

टेलिफोन टॉवरसाठी 2 व्होल्टचे सीलबंद सेल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करत होते. आमच्या खरेदीप्रमुखांचे ठाम मत असे होते की सेपरेटर म्हणजे धन आणि ऋण प्लेटांची गाठ पडू नये म्हणून मध्ये घातलेला कागद आणि कागदाची जाडी जुळली की काम संपले. पाणी घालायच्या बॅटरीतील पॉलिथिन सेपरेटरपुरते हे मत बऱ्याच अंशी चालून जाते, कारण तिथे प्लेटा आम्लात बुडालेल्या असतात. सीलबंद सेलमध्ये मात्र मोकळे आम्ल नसतेच. सगळे आम्ल दिव्याच्या वातीत तेल राहावे तसे या चटईत राहते. चटईचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असतो. त्यातला बहुतेक भाग आम्लाने भरतात आणि थोडा मुद्दाम रिकामा ठेवतात, कारण धन प्लेटवर निघणारा ऑक्सिजन त्या रिकाम्या वाटांनी ऋण प्लेटपर्यंत पोहोचतो आणि तिथे त्याचे पुन्हा पाणी होते. बॅटरीत पाणी घालावे लागत नाही ते यामुळे.

चटईचे तिसरे काम दाब देण्याचे आहे आणि आमचा वाद त्यावरच होता. डिस्चार्ज होताना धन प्लेटवरील लेड डायऑक्साइडचे लेड सल्फेट बनते आणि त्याचे आकारमान वाढते. चार्ज होताना ते पुन्हा आक्रसते. असे वारंवार झाले की पेस्ट, म्हणजे प्लेटवर लिंपलेला शिशाच्या संयुगांचा थर, मऊ पडते आणि तिचे कण एकमेकांपासून सुटतात. चटई दाबून बसवलेली असेल तर पेस्टला बाहेरच्या बाजूस पसरायला जागा उरत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथील गेट्स रबर कंपनीत मॅक्लेलंड आणि डेव्हिट या संशोधकांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला या पद्धतीचा सेल तयार केला, तेव्हा प्लेटा आणि चटई घट्ट गुंडाळलेल्या होत्या. म्हणजे दाब त्या रचनेत पहिल्यापासूनच होता. आपल्या सपाट प्लेटांच्या सेलमध्ये तो जुळणीच्या वेळी हिशेबाने द्यावा लागतो, आणि कोरडी चटई आम्लाने भिजली की त्यातला काही कमी होतो, हेही त्या हिशेबात धरावे लागते.

खरेदी विभागाने स्वस्त चटई आणली तेव्हा तिच्या प्रमाणपत्रावर जाडी आमच्या मागणीइतकीच होती. मी तुकडे कापून वजन केले, तर दर चौरस मीटरला भरणारे वजन जुन्या मालापेक्षा स्पष्टपणे कमी आले. कारण साधे होते. आम्ही जाडी 10 किलोपास्कल दाबाखाली मोजत होतो आणि पुरवठादाराने ती त्याहून हलक्या दाबाखाली मोजली होती. हलक्या दाबाखाली कमी काचेची चटईसुद्धा फुगून तेवढीच जाड दिसते. मी लेखी हरकत घेतली. ती बाजूला ठेवून माल वापरला गेला.

पुढे विदर्भातील टॉवरवरून क्षमता घटलेले सेल परत येऊ लागले. बैठकीत निष्कर्ष निघाला की दोष उन्हाळ्याचा आहे. परंतु त्यांतल्या एका शेल्टरमध्ये, म्हणजे टॉवरखालच्या खोलीत, आधीच्या लॉटची बँक (एकत्र जोडलेल्या सेलचा संच) त्याच रेक्टिफायरवर, म्हणजे चार्ज करणाऱ्या यंत्रावर, समांतर जोडलेली होती. तापमान तेच, फ्लोट व्होल्टेज (सेल कायम भरलेला ठेवण्यासाठी दिलेले व्होल्टेज) तेच, वीज जाण्याच्या वेळाही त्याच. तरीही जुनी बँक चाचणीत उत्तीर्ण झाली. दोन्ही लॉटचे सेल उघडून पाहिले तेव्हा जुन्या सेलमधील प्लेटांचा संच ओढून काढावा लागला, तर नव्या सेलमधील चटई बोटांनी सहज सरकत होती आणि धन प्लेटवरची पेस्ट नखानेही निघत होती. माझ्या मते वाद तिथेच निकाली निघाला होता, जरी अहवालात ऊनच राहिले.

आता निर्मितीविषयी. आम्ल सहन करणारी बोरोसिलिकेट काच वितळवून तिचे जाड धागे काढतात आणि त्यांवर वेगवान ज्योतीचा झोत सोडून सूक्ष्म तंतू बनवतात. दुसऱ्या पद्धतीत फिरत्या सच्छिद्र चकतीतून वितळलेली काच बाहेर फेकली जाते. एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतले बारीक तंतू आणि काही मायक्रॉन जाडीचे भरड तंतू ठरलेल्या प्रमाणात मिसळून, सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी केलेल्या पाण्यात घोळवून, कागद करतात त्याप्रमाणे तिरप्या जाळीवर पसरतात, पाणी शोषून काढतात, वाळवतात आणि रोल कापतात. चिकटद्रव्य लागत नाही. बारीक तंतू महाग असतात, पण छिद्रे लहान ठेवून शिसे एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटपर्यंत वाढण्यास तेच अटकाव करतात. दरातला फरक मुख्यतः या मिश्रणाचा, चौरस मीटरमागील वजनाचा आणि लोह व क्लोराइड यांसारखी अशुद्धी किती कमी ठेवली आहे याचा असतो.

लहान प्रमाणावर तंतू बनवण्याचा विचार सोडून द्यावा. भट्टी आणि कागदयंत्र यांचे भांडवल लहान उद्योगाला पेलणारे नाही. तयार रोल घेऊन मापात कापून देणे शक्य आहे. त्यातही खरेदीच्या आदेशात वजन आणि जाडी या दोन्ही गोष्टी मोजण्याच्या दाबासह लिहून घ्याव्यात आणि कोणी ही बाब क्षुल्लक म्हणून टाळू पाहिली तर माघार घेऊ नये.

मात्र दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. उष्णतेने सीलबंद बॅटरीचे आयुष्य खरोखरच घटते. तापमान 10 अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे, त्यामुळे आमच्या सेलच्या बाबतीत उन्हाचा वाटा शून्य होता असा माझा दावा नाही. तसेच कमी वजनाची चटई मुळातच टाकाऊ असते असेही नाही. प्लेटांमधले अंतर त्या मानाने कमी केले असते तर ती चालू शकली असती. आपला प्रश्न घरच्या इन्व्हर्टरला जोडलेल्या, पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटरीवरून सुचला असेल, तर तिच्यात ही आम्ल धरून ठेवणारी चटई नसते आणि वरील हिशेब तिला लागू होत नाही.