वाचकांचे प्रश्न : घरच्यांचे रक्त, परक्याचे रक्त

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तिघांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, परंतु तो प्रश्न रक्तपेढीच्या खिडकीवर मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण असून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. कोणाचे रक्त येत असेल, ही धास्ती मनातून जात नाही. माझे पती आणि दीर यांचा रक्तगट मुलाच्या रक्तगटाशी जुळतो. दर वेळी त्यांचेच रक्त घेतले तर ते अधिक सुरक्षित नाही का? रक्तपेढीतील लोक मात्र टाळाटाळ करतात.
— एक आई, लालबाग

उत्तर : ताई, आधी साधा हिशेब पाहू. पुरुषाला एकदा रक्तदान केल्यावर पुढचे नव्वद दिवस रक्त देता येत नाही. तेवढ्या काळात तुमच्या मुलाला चार वेळा रक्त लागेल आणि तो वाढेल तशी दर वेळची गरजही वाढत जाईल. दोन माणसांना ही गरज भागवता येणे शक्य नाही. पण दाते वीस असते तरीही मी तुम्हाला नकोच म्हटले असते आणि त्याचे कारण वैद्यकीय आहे.

दात्याच्या रक्तासोबत त्याच्या काही पांढऱ्या पेशीही रुग्णाच्या शरीरात जातात. दाता परका असेल, तर रुग्णाचे शरीर त्या पेशी ओळखून नष्ट करते. वडील, काका किंवा भावंडे यांच्या पेशींचा ऊतीगट, म्हणजे एचएलए, मुलाशी इतका मिळताजुळता असू शकतो, की मुलाचे शरीर त्यांना परके मानतच नाही. त्या पेशी तेथेच तग धरतात, वाढतात आणि मुलाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर आणि अस्थिमज्जेवर हल्ला चढवतात. ताप, अंगावर पुरळ, जुलाब अशी सुरुवात होते आणि मग रक्तपेशी तयार होणेच थांबते. हा प्रकार अत्यंत विरळ आहे, परंतु झाला तर दहापैकी नऊहून अधिक रुग्ण दगावतात. जवळच्या नातेवाइकाचे रक्त द्यावेच लागले, तर ती पिशवी आधी किमान २५ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतक्या गामा किरणांखाली ठेवावी लागते. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर वापरला म्हणजे हा धोका टळला, असे समजू नये. पुढे कधी मुलाचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचे ठरले, तर ज्या भावंडाची किंवा आईवडिलांची मज्जा उपयोगी पडण्याची शक्यता असते, त्यांच्याच रक्ताने त्याचे शरीर आधीपासून बिथरलेले असू नये, हेही एक कारण आहे.

आता परक्याच्या रक्ताविषयी. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली, तीही यासाठीच. तरीही संसर्ग झाल्यावर चाचणीत दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. एचआयव्हीच्या बाबतीत केवळ प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने परक्या घटकाविरुद्ध तयार केलेली संरक्षक प्रथिने, शोधणाऱ्या चाचण्यांना सुमारे तीन आठवडे लागतात, तर विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नॅट चाचणीने हा अवधी साधारण दहा दिवसांवर येतो. मात्र तो शून्य होत नाही आणि नॅटची सोय प्रत्येक रक्तपेढीत नाही. म्हणून दात्याने प्रश्नावलीला दिलेली खरी उत्तरे चाचणीइतकीच महत्त्वाची ठरतात. येथे मला नेहमी घरच्या दात्याचीच अधिक काळजी वाटते. सारे घर वाट पाहत असताना, वहिनी समोर उभी असताना, एखादी खासगी गोष्ट सांगून ‘मी रक्त देऊ शकत नाही’ असे म्हणण्याचे धाडस किती जणांना होईल? अनोळखी रुग्णासाठी शिबिरात आलेला दाता मुकाट्याने परत फिरू शकतो.

टाळाटाळीबद्दल रागावण्यापेक्षा रक्तपेढीला एक प्रश्न जरूर विचारा : मुलाची विस्तृत रक्तगट तपासणी झाली आहे का? ए-बी-ओ आणि आरएच डी (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह) जुळले की आपण निश्चिंत होतो, परंतु लाल पेशींवर सी, ई, केल, किड, डफी असे आणखी कितीतरी प्रतिजन, म्हणजे शरीराला आपले-परके ओळखू देणाऱ्या खुणा, असतात आणि वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. मग जुळणारी पिशवी मिळणे अवघड होते. ही तपासणी पहिले रक्त चढवण्याआधी झालेली बरी, कारण नंतरच्या नमुन्यात दात्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि तेव्हा जनुकीय तपासणीचा आधार घ्यावा लागतो. एकदा सापडलेले प्रतिपिंड काही महिन्यांनी चाचणीत दिसेनासे होते, पण तोच प्रतिजन असलेले रक्त पुन्हा चढले की काही दिवसांत उसळून वर येते आणि चढवलेल्या पेशी फोडून टाकते. किडविरोधी प्रतिपिंड या बाबतीत फारच लबाड आहे. म्हणून मुलाची एक वही ठेवा. तीत प्रत्येक पिशवीची तारीख, रक्तपेढीचे नाव, सापडलेली प्रतिपिंडे आणि रक्त चढवताना झालेला त्रास लिहा आणि रुग्णालय बदलले तर ती वही सर्वांत आधी पुढे करा.

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी रक्तपेढीने बदली दाता (पिशवीच्या मोबदल्यात रक्त देणारा माणूस) मागू नये आणि शुल्कही आकारू नये, असे सरकारी धोरण आहे, हेही लक्षात असू द्या. तुमचे पती आणि दीर यांना रक्त द्यायचेच असेल, तर त्यांनी मे महिन्यात द्यावे. महाविद्यालये बंद, लोक गावी गेलेले, अशा वेळी मुंबईत पिशव्यांची चणचण असते.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन साडेदहाच्या आसपास राहते आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही. लग्न ठरत आहे. थॅलेसेमिया मायनरची तपासणी करावी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : अवश्य करावी. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक आले, तर आपण बहुधा वाहक, म्हणजेच थॅलेसेमिया मायनर, आहात. मात्र लोहाची कमतरता असेल तर हा आकडा थोडा खाली दिसू शकतो, म्हणून फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) सोबत तपासून घ्या आणि तोवर गोळ्या स्वतःहून चालू ठेवू नका. वाहक असणे हा आजार नाही. जोडीदारही वाहक निघाला, तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.

प्रश्न : आयुष्यभर माझा रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ असेच सांगितले गेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी क्रॉसमॅच केले, म्हणजे माझे रक्त पिशवीतील रक्ताशी जुळवून पाहिले, तेव्हा ओ गटाची एकही पिशवी जुळेना. आता माझा गट ‘बॉम्बे’ आहे असे सांगतात. वय ६३. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : सर, शस्त्रक्रियेआधी हे कळले, ही चांगली गोष्ट झाली. या गटाचा शोध आपल्याच शहरात लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली. ओ गटाच्या पेशींवर ए आणि बी नसले, तरी त्या दोहोंचा पाया असलेला एच प्रतिजन असतोच. आपल्या पेशींवर तोही नाही, त्यामुळे नुसत्या पेशी तपासल्या तर त्या ओ गटाच्याच दिसतात. रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी घालून पाहिल्या, की गुठळ्या होतात आणि खरा प्रकार उघड होतो. क्रॉसमॅचमध्ये आपल्या बाबतीत तेच घडले. ओ गटाचे रक्त आपल्याला जीवघेणे ठरेल. आपल्याला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते आणि भारतात असा माणूस सुमारे दहा हजारांत एक आढळतो.

नमुना खात्रीसाठी परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील एनआयआयएच (राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था) या संस्थेकडे पाठवण्यास आपल्या डॉक्टरांना सांगावे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवते. गुडघ्याची शस्त्रक्रिया तातडीची नसते, हे आपल्या पथ्यावर पडले आहे. आधी हिमोग्लोबिन वाढवून घ्यावे. प्रकृती साथ देत असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यांत स्वतःचेच रक्त काढून ठेवता येते, कारण लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवसांपर्यंत टिकतात.

पहिल्या पत्राला मी जे सांगितले, त्याच्या नेमके उलट आता आपल्याला सांगावे लागत आहे. आपले आईवडील एच प्रतिजनाच्या अभावाचे वाहक असले, तर आपल्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक आहे. त्यामुळे दात्याचा शोध घरापासूनच सुरू करावा आणि भावंडाची पिशवी मिळाली, तर ती गामा किरणांखालून आली आहे ना, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.