अंगणवाडीत मुले बैल, बगळा होऊन नुसती खेळतात. यातून ती काय शिकतात?

बरेच काही शिकतात, फक्त ते पाटीवर दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला ‘एका पायावर उभा राहा’ असे सांगितले तर ते लगेच कंटाळते. पण ‘तू धानाच्या बांधीतला बगळा आहेस’ म्हटले, की तेच मूल मासोळी दिसेपर्यंत तोल सांभाळून उभे राहते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत नेलेल्या मुलाला बैल होऊन चिखलात रुतलेली बंडी (बैलगाडी) ओढायला लावा. पावले आपोआप जड, संथ पडतात, आणि वासरू होताच तीच पावले उधळतात. शरीराचा जोर, वेग आणि भोवतालची जागा यांचे भान असे येते, तर बैलाला थांबवतात तसे ‘हो’ म्हणताच जागीच थांबण्यातून स्वतःला आवरण्याचा सराव होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांपैकी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोमाची असावी. ताईंनी मात्र बगळा स्वतः करून दाखवू नये, नाहीतर वीस मुलांचे वीस सारखेच बगळे होतात. उन्हाळ्यात हा खेळ सकाळीच, कडुनिंबाच्या सावलीत घ्यावा.