विद्यापीठात नवरोज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या विद्यापीठात इराण आणि अफगाणिस्तानचे बरेच विद्यार्थी आहेत. त्यांच्याबरोबर नवरोज (वसंताच्या सुरुवातीला, मार्चमध्ये येणारं नववर्ष) साजरा करायचा आहे. हफ्त-सीन (‘सीन’, म्हणजे ‘स’, या अक्षराने सुरू होणाऱ्या नावांच्या सात जिन्नसांचं मेज) कसं मांडायचं? तयारी कधीपासून करायची?
– एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर : सुरुवात गव्हापासून करा, कारण बाकी सगळं आदल्या दिवशी जमतं, पण गव्हाची हिरवीगार रोपं, म्हणजे सब्झे, आयत्या वेळी उगवत नाहीत. घटस्थापनेला आपण धान्य रुजत घालतो तसंच हे काम. फक्त इथे माती नसते. जेवणाच्या ताटाएवढ्या थाळीला वाटीभर गहू पुरतात. खायचे गहू घ्या, औषध चोळलेलं बियाणं नको. ते २४ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. मग निथळून ओल्या फडक्यात बांधा आणि पांढरे मोड डोकावले की थाळीत एकाच थरात पसरा. वर ओलं फडकं ठेवा. हिरवे कोंब वर येताच फडकं काढून थाळी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको.

इराणच्या थंड मार्चमध्ये याला साधारण दोन आठवडे लागतात. पुण्याच्या उकाड्यात आठ-नऊ दिवसांत काम होतं. फार लवकर पेराल तर नेमकी सणाच्या दिवशी पाती पिवळी पडून आडवी होतील. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जाड थर आणि तळाशी साचलेलं पाणी. त्यामुळे मधले दाणे कुजतात, बुरशी धरते आणि थाळीला आंबूस वास येतो. पाणी ओतू नका, शिंपडा. दोन दिवसांच्या अंतराने दोन थाळ्या लावल्या तर एक हमखास साधते.

बाकीचे सहा जिन्नस असे : सीब (सफरचंद), सीर (लसूण), सेर्के (व्हिनेगर), सुमाक (आंबट लालसर फळांची पूड), सेंजेद (एक वाळवलेलं फळ) आणि समनू (मोड आलेल्या गव्हाची, साखर न घालता तासन्‌तास आटवलेली खीर). शेवटचे तीन इथे सहज मिळत नाहीत. महिनाभर आधी विद्यार्थ्यांना विचारा. गावाकडून येणारं कुणी ना कुणी असतंच. नाहीच मिळाले, तर सेक्के (नाणी) आणि सोनबोल (हायसिंथचं फूल) चालतात. सेंजेदच्या जागी सुकी बोरं किंवा सुमाकच्या जागी आमचूर ठेवून पाटी मात्र तीच लावू नका. शोभेसाठी आणलेली संत्री किंवा साखर यांनाही सातांत धरू नका. नाव फारसीत ‘सीन’ या अक्षराने सुरू व्हायला हवं.

मेजावर आरसा, मेणबत्त्या आणि रंगवलेली अंडीही असतात. मेणबत्त्या लावण्याआधी सभागृहाच्या व्यवस्थापकांची परवानगी काढा. गोल्डफिश आणू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिव्यांच्या उष्णतेत, एवढ्याशा भांड्यात ते मरतात. पाण्याने भरलेल्या वाडग्यात एक संत्रं तरंगत ठेवा, हीही तिकडची जुनी रीत आहे. मेजावर एक ग्रंथही ठेवतात. तो फारसी कवी हाफिजचा दिवाण (काव्यसंग्रह), शाहनामा हे महाकाव्य की कुराण, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्या. कार्यक्रम संपला की सब्झे कचऱ्यात टाकू नका, विद्यार्थ्यांकडे द्या. तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडतात.

वेळेचंही बघा. इराणी वर्ष नेमक्या वसंतसंपाताच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या) क्षणी बदलतं, त्यामुळे घड्याळातली वेळ दरवर्षी वेगळी. २०२६ मध्ये तो क्षण आपल्याकडे २० मार्चला रात्री सव्वाआठच्या सुमारास येतो, तर २०२७ मध्ये २१ मार्चला पहाटे दोनच्या आसपास. अशा वर्षी कार्यक्रम २१ च्या संध्याकाळी ठेवा. २०२४ आणि २०२५ मध्ये नवरोज रमजानमध्ये आला होता. तसं असेल तेव्हा खाणं सूर्यास्तानंतर ठेवा.

प्रश्न : फलकावर ‘पर्शियन नववर्ष’ लिहिलं तर अफगाण विद्यार्थी नाराज झाले. का?

उत्तर : कारण सण त्यांचाही आहे. ताजिक, उझबेक, कुर्द, अझरबैजानी, सगळेच तो साजरा करतात. युनेस्कोच्या यादीत २००९ मध्ये त्याची नोंद झाली, ती भारतासह सात देशांच्या नावाने. फलकावर नुसतं ‘नवरोज’ लिहा आणि अफगाणांना त्यांचं वेगळं मेज द्या. त्यांच्याकडे हफ्त-सीनपेक्षा हफ्त-मेवा महत्त्वाचा : बेदाणे, काळ्या मनुका, जर्दाळू, सेंजेद, बदाम, पिस्ते आणि अक्रोड पाण्यात भिजवून, ते पाणी आणि मेवा वाटीत देतात. चाळीस छोट्या वाट्यांसाठी मिळून मेव्याचा प्रत्येक प्रकार २०० ग्रॅम आणि साडेतीन-चार लिटर पाणी घ्या. बदाम, पिस्ते, अक्रोड आधी गरम पाण्यात वेगळे भिजवून सोला. साल राहिली तर पाणी काळपट आणि तुरट होतं. मग सगळं एकत्र करून दोन दिवस फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर ठेवलं तर मार्चमध्ये आंबतं. साखर नको, मनुकांची गोडी पुरते. बदाम, पिस्ते, अक्रोड कुणाला वर्ज्य असतील तर वाटीजवळ ठळक पाटी लावा.

प्रश्न : पारशी लोकांचं नववर्ष तर ऑगस्टमध्ये असतं. मग मार्चमध्ये त्यांना बोलवावं का?

उत्तर : जरूर बोलवा. २१ मार्चचा जमशेदी नवरोज पारशी आणि इराणी झरतुश्ती कुटुंबांत पाळला जातो. ऑगस्टचं नववर्ष पारशांच्या शहेनशाही पंचांगाचं. त्यात वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं असून लीप दिवस धरत नाहीत, म्हणून ते वसंतापासून मागे सरकत ऑगस्टमध्ये आलं आहे. वक्ता बोलावणार असाल तर त्याला हाच विषय द्या, पंधरा-वीस मिनिटं. सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात, १०७९ मध्ये, उमर खय्याम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जलाली पंचांग आखून नवरोज वसंतसंपाताशी कसा बांधला, हे गणितासह सांगणारा माणूस मिळाला तर खगोलशास्त्र विभागाचे विद्यार्थीही आपणहून येतील.