बॉनेटखालून : दीड लाख पळालेली गाडी घ्यावी का?

प्रश्न : दोन सेकंडहँड गाड्या समोर आहेत. एक डिझेल, पाच वर्षांची, १,५०,००० किलोमीटर पळालेली. मालकाचं रोज हायवेने जाणं-येणं होतं. दुसरी पेट्रोल, नऊ वर्षांची, पण फक्त ४८,००० किलोमीटर. मालक निवृत्त, गाडी गावातल्या गावात फिरलेली. किंमत जवळपास सारखी. घरचे सगळे म्हणतात, कमी पळालेली घ्या. तुमचं मत काय?

उत्तर : घरच्यांचं बहुमत मला मान्य नाही, निदान इतक्या घाईने तरी नाही. मीटर चाकं किती फिरली ते सांगतो. इंजिन किती वेळ चाललं, ते त्यात कुठेच नसतं.

हिशेबच करू. हायवेवरच्या गाडीचा सरासरी वेग ताशी ६० धरला, तर दीड लाखाला इंजिन चाललं २,५०० तास. गावातल्या गर्दीत, सिग्नलला थांबत-थांबत, सरासरी १६ धरली तर ४८,००० किलोमीटरला झाले ३,००० तास. म्हणजे 'कमी पळालेल्या' गाडीचं इंजिनच जास्त राबलंय. आता स्टार्ट मोजा. एका फेरीला चार किलोमीटर धरले तर दुसरी गाडी १२,००० वेळा सुरू झाली. पहिलीची फेरी ७५ किलोमीटरची असेल, तर २,००० वेळा. आणि इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते थंड असताना, ऑइल सगळीकडे नीट पोचायच्या आत. चार किलोमीटरमध्ये ऑइल पुरतं तापतही नाही. त्यातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, आतच साठत राहतं. सायलेन्सरही पुरता तापत नाही, त्यात साठलेल्या पाण्याने तो आतून गंजतो.

पण हायवेचे किलोमीटर फुकटचे असतात असंही नाही. व्हील बेअरिंग, शॉकअप, बुश यांना तास कळत नाहीत, त्यांना किलोमीटरच कळतात. दीड लाखाला यातलं काहीतरी बदलायला आलेलं असणार हे धरूनच भाव करा. वेग वाढेल तसा चाकाकडून घुमणारा आवाज चढत गेला, तर बहुतेक बेअरिंग. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट वाजलं, तर ॲक्सलचा जॉइंट. टॉप गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट गेली. ही खर्चाची कामं आहेत, भीतीची नाहीत.

भीती टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. कंपनीच्या पुस्तकात बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात. जी आधी येईल ती पाळायची. म्हणजे दोन्ही गाड्यांचे बेल्ट तपासायला हवेत, एकीचा धावण्यामुळे, दुसरीचा वयामुळे. बदलल्याचं बिल दाखवलं तर बदलला. 'बदललाय हो' हे बिल नव्हे. बेल्टच्या जागी चेन असेल तर हा प्रश्न मिटला, पण ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेनही सैल पडते आणि सकाळी स्टार्ट केल्या-केल्या खळखळते. दुसऱ्या गाडीचे टायरही बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं.

इंजिन बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर नमस्कार करून परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. गाडी दाखवण्याआधी तापवून ठेवायची, ही विकणाऱ्यांची जुनी खोड. थंड इंजिन स्टार्ट करायला कोणाला तरी सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. सकाळची पांढरी वाफ थोड्या वेळात विरते, तिची काळजी नको. विरतच नसेल आणि वास गोडसर असेल, तर कूलंट जळतंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. हा निळा धूर कधी येतो ते बघा. काही मिनिटं आयडलिंगवर ठेवून रेस दिल्यावर एक भपका आला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह सील असू शकतात, तेवढं निभावतं. चालवताना ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर टर्बो गेलाय. तिथे बोलणी थांबवा.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण फिरवून सोडा आणि तसंच वर ठेवा. थोडं थरथरणं डिझेलला चालतं. झाकण उडायलाच लागलं आणि भोकातून धूर ढकलला जात असेल, तर रिंगांमधून दाब खाली उतरतोय. मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

हे सगळं ठीक निघालं आणि सर्व्हिसची बिलं ओळीने मिळाली, तर माझं मत दीड लाखवालीला. एक अट मात्र आहे. तुमचं स्वतःचं फिरणंही रोजचं चार-पाच किलोमीटरचंच असेल, तर डिझेल घेऊच नका. नव्या डिझेलच्या सायलेन्सरात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते, ती हायवेवर मिळते, गल्लीत मिळत नाही. आधीच्या मालकाने पाच वर्षं जपलेला फिल्टर तुमच्याकडे पहिल्याच वर्षी तुंबेल.

प्रश्न : मीटरवर ६०,००० आहे, पण गाडी बरीच वापरलेली वाटते. मीटर पाडलाय का, म्हणजे आकडा मागे फिरवलाय का, ते कसं ओळखावं?

उत्तर : डिजिटल मीटर पाडता येत नाही, हा गैरसमज आहे. पाडतात, आणि फार वेळही लागत नाही. पण माणसाच्या अंगाने झिजलेल्या जागा कोण पाडणार? ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा, चढता-उतरता तीच दबते. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का? स्टीअरिंगला नवं कोरं कव्हर असेल तर ते काढून दाखवा म्हणावं. साठ हजाराला पेडलचं रबर बदलायची वेळ येत नाही. नवं दिसलं तर का बदललं ते विचारा. जुनी बिलं, ऑइल बदलल्याची चिठ्ठी यांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते तारखेप्रमाणे लावा. मध्येच आकडा मागे आला की विषय संपला. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही राहते. चांगला स्कॅनर असलेला मेस्त्री ती काढून देतो. त्याच वेळी त्याला हेही विचारा की फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाड, नुकतेच पुसलेत का. पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात.

प्रश्न : १,८०,००० पळालेली गाडी घेतली. मित्र म्हणतो, आता जाड ऑइल टाक, इंजिन शांत चालेल. टाकू का?

उत्तर : नको. शांत चालेल हे खरं, म्हणूनच विकणारे ते टाकतात. पण जाड ऑइल थंड इंजिनात वर चढायला वेळ लावतं. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच टाका, फिल्टरही बदला, आणि पहिली बदली ठरल्यापेक्षा लवकर करा. त्याबरोबर कूलंट, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइलही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं; सेकंडहँड गाडीत ते शेवटचं कधी बदललं हे सहसा मालकालाही माहीत नसतं. डिपस्टिक दर आठवड्याला बघत जा. दोन सर्व्हिसच्या मध्ये थोडंफार ऑइल कमी होणं या वयात चालतं. कमी होण्याऐवजी पातळी वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये डिझेल किंवा कूलंट उतरतंय. गाडी तिथेच बंद ठेवा आणि मेस्त्रीला घरी बोलवा.