पुतण्याच्या इकोत चार पाकळ्या दिसल्या, आता लेकीला तेच शिकायचंय

नमस्कार भाऊ,

घाटंजी तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळेत तपासणीला आलेल्या पथकाला पुतण्याच्या छातीत वेगळा आवाज लागला, नागपूरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि महाधमनीच्या (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या) झडपेला तीनऐवजी चार पाकळ्या निघाल्या. सोबत गेलेली तुमची अकरावीतली लेक तेव्हापासून म्हणते, "मले हेच शिकाचं हाये." डॉक्टर व्हावं लागेल की टेक्निशियन, आणि कापसावर हा खर्च झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

तिनं काय पाहिलं ते आधी सांगतो. छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे प्रोब (यंत्राचा छातीवर ठेवायचा भाग) धरून आडवा छेद घेतला की मिटलेली निरोगी झडप इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. चार पाकळ्या असल्या की फुली दिसते; अशी झडप हजारोंत एखाद्याचीच. दोन पाकळ्यांची मात्र शंभरात एक-दोघांना असते आणि तीच जास्त फसवते. चिकटलेल्या पाकळ्यांमधली शिवण मिटलेल्या झडपेत तिसरी रेघ वाटते आणि झडप तीन पाकळ्यांची भासते. म्हणून झडप उघडते त्या क्षणी चित्र थांबवून तोंडाचा आकार बघायचा, मग रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉपलरवर रक्त मागे गळतंय का ते. त्यात लेकरू रडतं, हलतं, आणि प्रोब जरा कलला की फुली हरवते. फार धीराचं काम आहे हे.

टेक्निशियन व्हायचं तर बारावी सायन्सनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम, आहे: तीन वर्षं, वर इंटर्नशिप. त्यात कार्डिओलॉजीची, म्हणजे हृदयाची, शाखा घ्यावी. इको ती करेल, अहवालावर सही डॉक्टरची. सहीही तिचीच हवी असेल तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा, साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी आणि तीन वर्षं हृदयरोगातलं डीएम. गर्भातल्या बाळाचं हृदय तपासायचं असेल तरी डॉक्टरच व्हावं लागतं, १९९४च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे. माझं मत विचाराल तर 'नीट' परीक्षा मनापासून द्यावी, पण बीपीएमटीला 'हुकलेल्यांची वाट' असं घरात कुणी म्हणू नये. पुतण्याची फुली पहिल्यांदा बहुधा अशाच कुणाच्या तरी हाताखाली दिसली असेल.

सहा महिन्यांत इको शिकवतो म्हणणाऱ्यांकडे एक रुपयाही भरू नका. कोर्सला मान्यता कुणाची आणि विद्यार्थी स्वतःच्या हातानं किती इको करतो, एवढं विचारलं तरी कळतं.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी कॉलेजची फी खासगीपेक्षा बरीच कमी. शिवाय ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. तहसीलचे दाखले आत्ताच काढून ठेवा.

पुतण्याच्या पुढच्या इकोला तिलाच सोबत पाठवा. तिथं तिनं एवढंच म्हणावं: "झडप उघडी असतानाचं चित्र दाखवता का?"