वाचताना येतं, पेपरात आठवत नाही

"वाचताना सगळं कळतं, पेपर समोर आला की डोकं रिकामं." मे महिन्यातली एपी, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीवर घेतली जाणारी, अमेरिकन इतिहासाची परीक्षा जवळ आली की हे गाऱ्हाणं ठरलेलंच. न्यू जर्सीतल्या अकरावीतल्या एका मुलीचं घोडं १९४५ ते १९८० या भागात अडलं होतं. आई म्हणाली, "दिवसरात्र पुस्तक घेऊन बसते हो."

अडचण तीच होती. वहीत चार रंगांचे हायलायटर, तारखा चोख, पण सगळ्या सुट्या. मी वही मिटायला लावली.

"लेव्हिटटाउनमध्ये, युद्धानंतर उभारलेल्या त्या उपनगरात, घर कोणाला मिळायचं?"

"युद्धावरून परतलेल्या सैनिकांना. १९४४चं जीआय बिल, सरकारची कर्जहमी."

"सगळ्यांना?"

"नाही. करारातच होतं, फक्त गोऱ्यांनी राहायचं."

"मग कृष्णवर्णीय सैनिकांची मुलं कुठल्या शाळेत जाणार?"

ती बराच वेळ गप्प. मीही गप्पच बसले. मूल आठवत असताना उत्तर पुरवलं की केलेली मेहनत पाण्यात, हे माझं ठाम मत आहे.

"शहरातल्याच. म्हणजे काकू, शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन निकालानंतरही उत्तरेत शाळा वेगळ्याच राहणार, कारण वस्त्याच वेगळ्या! म्हणून १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतरही घरांसाठी १९६८चा कायदा लागला?"

वहीत घरं आणि शाळा या दोन गोष्टी कितीतरी पानं दूर होत्या. तिने त्या स्वतः जोडल्या, आणि अशी जोडलेली गोष्ट सहसा निसटत नाही.

मग रोज एकच प्रश्न, कोरा कागद, दहा मिनिटं: कारण काय, कायदा कोणता, वगळलं कोणाला, त्यातून पुढे काय? नंतर पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने लिहायचं. तेवढंच दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा. स्त्रियांची साखळीही अशीच बसली: नोकरीतल्या लिंगभेदाला १९६४च्या कायद्याने बंदी, अंमलबजावणीत चालढकल, म्हणून १९६६ला 'नाऊ' ही स्त्रीहक्कांची संघटना. १९६५चा इमिग्रेशन कायदा तर पाठच करावा लागला नाही. देशनिहाय कोटा उठला, म्हणून तर आजोबांना इथे येता आलं.

परीक्षेतल्या दस्तऐवजांवर आधारित निबंधाच्या प्रश्नाला ६० मिनिटं, त्यात सात उतारे. पहिली १५ वाचनाची. मुलं इथे प्रत्येक उताऱ्याचा सारांश लिहीत सुटतात आणि गुण घालवतात. आधी स्वतःचा मुद्दा एका वाक्यात लिहायचा, मग किमान चार उतारे त्याच्या बाजूने उभे करायचे. उताऱ्यांबाहेरचा एक पुरावाही हवा. तिथे लेव्हिटटाउन चपखल बसतं.